कुंकू बंद आहे, काळजी नसावी

किला गेट, ग्वाल्हेर
२८ जून १९५१

तीर्थस्वरूप दादा,

दुर्गाचा नमस्कार. इकडे सगळी खुशाली आहे, मेरठला तुम्हीही खुशाल असालच. आबासाहेबांचा गुडघा पाऊस पडेपर्यंत कुरकुर करणार नाही, असं ते स्वतःच सांगतात.

बातमी अशी की आग्रा विद्यापीठाचा रिझल्ट लागला आणि मी बी.एस्सी. झाले. आबासाहेब पेपर हातात घेऊन चौकापर्यंत चालत गेले आणि भेटेल त्याला माझा नंबर दाखवून आले. आईसाहेबांनी पेढे वाटले, आणि शेवटचा माझ्या हातावर ठेवत विचारलं, "आता तू नेमकं करणार काय?" मी पेढा तोंडात टाकला. उत्तर त्याच आठवड्यात घरातच सापडलं, आणि कुठे म्हणाल तर वहिनींच्या कपाळावर.

रागावू नका, पुढे वाचा. वहिनींच्या कपाळावरचा काळसर डाग तुम्ही रजेवर आलात तेव्हा पाहिलाच होता. घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. मीसुद्धा काढत नव्हते. त्या दिवशी मात्र त्या न्हाऊन, कुंकू न लावता चुलीपाशी बसल्या होत्या आणि मला दिसलं, की डाग अगदी गोल आहे. कुंकवासारखा गोल, कुंकवाच्याच जागी. मी विचारलं, "वहिनी, डाग वाढला की तुम्ही काय करता?"

"काय करणार? कुंकू जरा मोठं लावते. झाकायला नको?"

दादा, हिशेब बघा. कुंकू मोठं म्हणून डाग मोठा, आणि डाग मोठा म्हणून कुंकू आणखी मोठं.

मध्यभारत राज्य झाल्यापासून इंदूरची माणसं बदली होऊन इकडे येतात, त्यांत शांताताई नावाच्या लेडी डॉक्टर पडावाजवळच्या दवाखान्यात आल्या आहेत. मी वहिनींना ओढतच नेलं. टांग्यात त्या सारखं म्हणत होत्या, "कोड म्हणाल्या तर घरी सांगू नका." शांताताईंनी त्यांना डोळे मिटायला लावले, कापसाने डागाला अलगद स्पर्श केला आणि विचारलं, "कळतंय?" कळत होतं. मग म्हणाल्या, "हे कोड नाही, कोडाचा डाग पांढरा असतो. महारोगही नाही, त्यात स्पर्श कळेनासा होतो. रक्त वगैरेही काही खराब नाही. कुंकू कुठलं लावता?"

पूर्वी आईसाहेब हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून घरी करायच्या, ते तुम्हाला आठवत असेल. त्यांचे हात दुखायला लागल्यापासून बाजारातलं येतं. भडक लाल, पुसलं तरी बोटाचा रंग जात नाही. शांताताईंनी ते चिमूटभर वहिनींच्या पाठीवर पट्टीखाली बांधलं. मी हट्टाने माझ्याही पाठीवर बांधून घेतलं. पट्ट्या सोडल्या तेव्हा माझी पाठ कोरी होती आणि वहिनींच्या पाठीवर लाल, खाजरा ठिपका उठला होता. त्या रंगातलं काहीतरी त्यांच्या कातडीला सोसत नाही. आधी खाज येते, मग कातडी काळवंडते, ऊन लागलं की जास्तच.

त्यातून वहिनी गुपचूप 'गोरं करणारं' मलम लावत होत्या. ती डबी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली, मलम आम्लात उकळलं आणि त्यात तांब्याची पट्टी सोडली. पट्टी चांदीसारखी झाली. पारा, दादा. तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडं नासवतो. डबी शांताताईंनी स्वतःकडे ठेवून घेतली.

मी उत्साहात विचारलं, "मग लिंबू चोळलं तर?" त्या म्हणाल्या, "बी.एस्सी. झालीस ना? मग आधी हात मागे घे. चोळून डाग जात नसतात, चोळून नवे येतात." उपाय एवढाच: ज्याने डाग आला ते बंद करायचं, खाजेला कॅलामाइन, बाहेर पडताना डोक्यावर पदर, आणि धीर. महिने लागतील, थोडी सावली मागे राहीलही.

आईसाहेबांचा आशीर्वाद.

तुमची
दुर्गा

ता. क. वहिनींचं कुंकू सध्या बंद आहे. काळजी नसावी.


किला गेट, ग्वाल्हेर
१९ जुलै १९५१

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. कुणाची तार आली असेल तर फाडून टाका. तुम्ही जिवंत आहात हे आम्हाला ठाऊक आहे.

झालं असं. कुंकू बंद म्हटल्यावर आईसाहेब दोन घास जेवल्या नाहीत. "माझा मुलगा पलटणीत, आणि सून अशा कपाळाने घरात वावरणार?" मी त्यांना पट्टीवरचा पारा समजावला, पाठीवरचा ठिपका समजावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुझं शास्त्र खरं असेल. पण रोजचं कुंकू कुठेतरी लागलंच पाहिजे." आणि त्यांनी तोड काढली. वहिनींच्या वाटणीचं कुंकू त्या रोज सकाळी दिवाणखान्यातल्या तुमच्या फोटोला लावू लागल्या. गणवेशातला, रियासतीची पलटण हिंदी सेनेत गेली तेव्हा काढलेला. नुसतं कुंकू बरं दिसेना, म्हणून मोगऱ्याचा हारही आला.

मला यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं, कारण सरहद्दीवर फौजा जमल्याच्या बातम्या पेपरात रोज येताहेत आणि गल्लीत दुसरं बोलणं नाही.

परवा शेजारच्या इंदुताई विरजण मागायला आल्या. आधी त्यांना वहिनींचं कोरं कपाळ दिसलं, मग हार घातलेला तुमचा फोटो. वाटी तिथेच टाकून त्या गेल्या. आम्हाला वाटलं, दूध उतू जात असेल. थोड्या वेळाने दार वाजलं आणि अख्खी गल्ली आत आली. इंदुताई तर वहिनींच्या गळ्यातच पडल्या. "अगं कुमुदिनी, हे काय होऊन गेलं गं! आम्हाला खबर पण नाही केलीत!"

आईसाहेब देवघरात होत्या. मी पुढे होऊन सांगू लागले, तर गल्लीतल्याच सुमनताईंनी माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं आणि "रड बेटा, रो ले" म्हणत सोडेचनात. बाहेर टांगेवाला अब्दुल आबासाहेबांना म्हणत होता, "हुजूर, छोटे सरकार तो शेर थे." आबासाहेब म्हणाले, "थे क्या? है." त्याला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. तो आणखीच रडू लागला.

मी इथेच थांबून तुम्हाला हसवणार होते. पण पुढचं लिहिलं नाही तर हे पत्र खोटं होईल.

इंदुताई वहिनींच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती जीव होता गं त्यांचा तुझ्यावर."  वहिनी त्यांचा हात बाजूला करून म्हणाल्या, "आहेत ते. मेरठला क्वार्टर मिळालाय. कपाळ उजळल्याशिवाय येऊ नकोस म्हणालेत, मेसमधल्या बायका बघतील म्हणून."

 सुमनताईंनी माझं डोकं सोडलं. आईसाहेब देवघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या सरळ दिवाणखान्यात गेल्या, फोटोचा हार काढला, पदराने काचेवरचं कुंकू पुसलं आणि परत देवासमोर जाऊन बसल्या.

मला हे आधीपासून माहीत होतं, दादा. तुम्ही निघालात त्या दिवशी सामान बांधताना तुम्ही वहिनींशी बोललात, तेव्हा मी दाराबाहेर होते. ते आठवलं की मला अजून राग येतो, आणि मागच्या पत्रात मी तो पारा आणि पट्ट्यांच्या गोष्टींमागे दडवला.

कृपा करून लवकर लिहा. मला नाही, वहिनींना.

दुर्गा


किला गेट, ग्वाल्हेर
१२ सप्टेंबर १९५१

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. आपल्या मरणाची हकीकत मेसमध्ये वाचून दाखवली आणि सगळे पोट धरून हसले, हे वाचून बरं वाटलं. शेवटी तुम्ही विचारलंत, "डाग कितपत गेला?" पत्र माझ्या नावाने होतं. मी ते वहिनींना जसंच्या तसं वाचून दाखवलं.

इथे बरंच काही घडतंय. त्या दिवशी दुखवट्याला आलेल्यांपैकी एक बाई दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराने आली. तिच्याही कपाळावर तसाच गोल डाग. मग आणखी एक आली, मग बिर्ला नगरच्या गिरणीकामगारांच्या दोन बायका आल्या. कुणी लिंबू चोळून कातडी सोलून घेतलेली, कुणी मलमाची डबी पदरात लपवून आणलेली. एका मुलीच्या दंडावर फिका चट्टा होता. तिला कापूस लावला, तर तिला स्पर्शच कळेना. तिला मी अब्दुलच्या टांग्यातून शांताताईंकडे नेलं. महारोगाची सुरुवात आहे, पण आता गोळ्या निघाल्यात, वेळेवर आली, बरी होईल, असं त्या म्हणाल्या. ती मुलगी आणि मी परतीच्या वाटेवर उगीचच हसत होतो.

मी स्वतः कुणाला औषध देत नाही, शांताताईंना तसा शब्द दिला आहे. मी फक्त विचारते, काय लावता, कधीपासून, आणि मग त्यांना दवाखान्यात पाठवते. आरोग्य खात्यात नोकरीसाठी अर्जही केला आहे. करणार काय, हे आईसाहेब आता विचारत नाहीत. हात दुखत असले तरी त्यांनी पुन्हा हळद भिजत घातली आहे, वहिनींची कातडी पूर्ण शांत झाली की पाठीवर तपासून मगच लावायला.

पण बायका माझं ऐकत नाहीत, दादा. कुंकू सोडा म्हटलं की माझ्या कुमारी कपाळाकडे बघतात आणि हसतात. ऐकतात त्या वहिनींचं. वहिनी माझ्याबरोबर घरोघर येतात, पदर मागे सारतात, उजेडात उभ्या राहतात आणि म्हणतात, "बघा. हात लावून बघा. इतका काळा होता, आता इतका आहे." तुम्ही जे कपाळ मेरठात लपवणार होतात, ते इथे आम्ही दाखवत फिरतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर काय लिहू, असं मी त्यांना विचारलं. निम्मा गेला, म्हणून लिहिणार होते, तसा तो गेलाही आहे. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "कपाळ काय पत्रात मोजून पाठवायचं असतं? त्यांना लिहा, येऊन बघा. आणि येताना असं ठरवून या, की डाग असेल तरी न्यायचं. नाहीतर रजा वाया घालवू नका. मला इथे काम आहे."

मी म्हटलं, "वहिनी, असंच लिहू?"

"असंच. आणि त्यांना सोसवेल असं काही गोड त्यात घालू नका."

मी घातलेलं नाही. आबासाहेबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, पत्र आजच टाक.

या, दादा. दिवाळीपर्यंत वाट बघू नका.

तुमचीच, पण या पत्रापुरती वहिनींची,
दुर्गा