खिडकीकडे वळलेली मूर्ती

मंगळवार, १६ सप्टेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतची सूचनांची यादी पोचली. मी वीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतो, तरी फोटो कसा काढावा हे तू दर वर्षी कळवतेसच. आई मजेत आहे. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, अगदी घड्याळ लावून. तू दुपारी फोन करतेस तेव्हा ती नेमकी झोपलेली असते, त्याला मी काय करणार?

चर्चच्या रविवारच्या मिरवणुकीनं डोक्याला नुसता ताप दिला. दोन तास आधी जाऊन आपल्या घरासमोरच्या बेकरीची पायरी अडवली होती. मातेची मूर्ती वळणावर दिसली मात्र, माझ्यापुढे पंचवीस मोबाईल वर झाले. फोटोत मातेचा मुकुट कमी आणि लोकांची मनगटंच जास्त. मग एक फुगेवाला येऊन उभा राहिला. म्हटलं, "दादा, जरा बाजूला व्हा की." तर म्हणतो, "तुम्हीच व्हा ना, मी धंदा करतोय!" मी काय तिथे हवा खायला उभा होतो? मेणबत्त्या घेतलेल्या बायकांची रांग छान होती, तर उन्हाचा पट्टा नेमका त्यांच्या डोळ्यांवर. फादरांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले. प्रार्थनेसाठी मिटले असते तर चाललं असतं, ते शिंकत होते.

चौऱ्याऐंशी फोटोंत एकच धड आला. तुला हवा होता तोच.

आजारी माणसाच्या खिडकीखाली मिरवणूकवाले थांबतात, आणि आईचे गुडघे गेल्यापासून सहा वर्षं आपल्या घरासाठी त्यांना आठवण करून द्यावी लागत नाही. पुढे चालणारा सुतार काठी आपटतो, चौरंग खांद्यावर घेतलेली बारा माणसं जागच्या जागी फिरतात, आणि मूर्तीचं तोंड आपल्या खिडकीकडे होतं. यंदा तुला मूर्ती आणि आई एकाच फोटोत पाहिजे होत्या. 'आईचा चेहरा नीट आला पाहिजे' याच्याखाली तू दोन रेघा ओढल्यास.

म्हणून आदल्या दिवशी खिडकी पुसली. तीन आठवडे उघडलीच नव्हती, कडी घट्ट बसली होती.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे आता.

ताई, आई घरी नाही. टेकडीमागच्या वृद्धाश्रमात आहे. जुलैत ती दोनदा पडली, एकदा गॅस चालू राहिला. मी खाली स्टुडिओत, ती वर एकटी. वरून काही आवाज आला की गिऱ्हाईक खुर्चीत सोडून मी जिना चढायचो, आणि आवाज आला नाही तर जास्तच भीती वाटायची. मी थकलो गं. तुला विचारायला हवं होतं. तू नाही म्हणशील म्हणून घाबरलो, आणि 'माझ्याकडे घेऊन जाते' म्हणशील म्हणूनही घाबरलो. मग मूग गिळून बसलो.

फोटोचं ऐक. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंना आईची निळी शाल पांघरून आईच्या खुर्चीत बसवलं. त्या म्हणाल्या, "अरे, हे बरं दिसतं का?" मी म्हटलं, "एका फोटोचा तर प्रश्न आहे, काकू. मान जरा खाली ठेवा."

सुतारानं काठी आपटली. मूर्ती वळली. सगळा रस्ता वर बघून गप्प झाला, फुगेवालासुद्धा. मी बटण दाबलं. निघताना सुतार कपाळ पुसत म्हणाला, "आईंना सांगा, यंदा माणसांचे खांदे सोललेत, पण त्यांच्यासाठी थांबलो." मी बरं म्हटलं. वर गेलो तर काकू शालीची घडी मांडीवर घेऊन रडत होत्या. "पुन्हा मला असलं काम सांगू नकोस," एवढंच बोलल्या.

काल आईकडे गेलो. तिची खिडकी मागच्या भिंतीवर उघडते. तिनं विचारलं, "मूर्ती वळवली का रे?"

"हो."

"रिकाम्या खिडकीकडे?"

मी तिच्या पाण्याचा तांब्या भरायला घेतला. ती म्हणाली, "सुताराला आधी सांगायचं होतंस. एवढं ओझं घेऊन बिचारे उगाच थांबले."

चिडली असती तर मलाही चिडता आलं असतं. तिनं फोटो मागितला. मी म्हटलं, नीट आला नाही.

तो सोबत ठेवतोय. आजवर काढलेला माझा सगळ्यात चांगला फोटो आहे, ताई, आणि त्यात आई नाही. मागच्या बाजूला तिथला पत्ता आणि फोन लिहिलाय. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी तिच्याशी बोल.

तुझा,
तोंड दाखवायला जागा न उरलेला भाऊ

ता. क. आई दुपारी झोपत नाही. कधीच झोपत नव्हती.