माझ्या अक्षरातले टॅग

१९ ऑक्टोबर
दिवाळीच्या शटडाऊनचं काम फत्ते. मोठ्या कॉम्प्रेसरच्या मोटरवरचे मळके टॅग काढून सगळ्या तारांना नवे टॅग स्वतः लिहून लावले. वायरमन कचरूमामांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांनी माझे टॅग बघून तारा जोडल्या. तारा उलट्या तर नाहीत ना, हे बघणारी पोलॅरिटी टेस्ट तेवढी राहिली. बायको औरंगपुऱ्यात आकाशकंदिलाच्या दुकानापुढे ताटकळलेली, तिचे तीन फोन. आणि टॅग माझे असताना टेस्ट कशाला? 'ओके' लिहून सही केली.

२४ ऑक्टोबर, सकाळी ९
मोटर चालू केली. क्षणात ट्रिप. डिफरन्शियल रिले मोटरच्या दोन्ही टोकांचा करंट ताडून बघतो, जुळला नाही की मोटर बंद. हा रिले जरा संशयीच आहे.

दुपारी ४
रिलेचं सेटिंग वाढवलं. ट्रिप. उद्या मुळाशी जाणार.

२५ ऑक्टोबर
मुळाशी गेलो. वाइंडिंगमध्ये ओल असणार. ओल पकडणारा मेगर चांगलं रीडिंग देतोय, म्हणजे मेगर बिघडलाय.

२७ ऑक्टोबर
मोटर क्रेनने उचलून रिवाइंडिंगला पाठवली.

२८ ऑक्टोबर
परत आली. रिवाइंडर म्हणाला, ठणठणीत आहे. हल्ली कुणाला कामात रस नाही. बसवली. ट्रिप.

२९ ऑक्टोबर
मॅनेजर सुदर्शन सरांनी चूक कुणाची ते लेखी मागितलं. लिहिलं: जोडणीत हलगर्जीपणा, वायरमन कचरू. अठरा वर्षांची नोकरी, त्यांना घरी बसवलं. डबा उचलून वैजापूरच्या एसटीला गेले. मला जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

३१ ऑक्टोबर
बाहेरून टेस्टिंग इंजिनिअर करुणा मॅडम आल्या. एक सेल, एक काट्याचा मीटर, वीस मिनिटं. करंट मोजणाऱ्या एका सीटीच्या दोन तारा उलट्या. म्हणाल्या, जोडणाऱ्याने टॅगप्रमाणे बरोबर जोडलंय, टॅगच उलटे आहेत. अक्षर कुणाचं, विचारलं. मी म्हणालो, रजिस्टर बघावं लागेल.
कसलं रजिस्टर! लिहायलाही लाज वाटते.

१ नोव्हेंबर
सरांना खरं सांगितलं. त्यांनी माझा 'ओके'चा रिपोर्ट पुढ्यात ठेवला आणि फोन लावून मामांना बोलावून घेतलं.

३ नोव्हेंबर
मामा आले. माफी सुवाच्य अक्षरात लिहून नेली होती, कागद खिशातून निघेना. तोंडातून 'मामा' एवढंच आलं.
ते म्हणाले, "तुमचं अक्षर लई सुंदर, साहेब. म्हणून तर म्या परत तपासलं नाय."
टोमणा असता तर बरं झालं असतं.
नवे टॅग त्यांनी लिहिले. कोंबडीचे पाय. मोटर पहिल्या बटणाला चालली.