उन्हाळ्याच्या सुट्टीतलं ऑपरेशन

बाई, परवा सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. काही आजार नाही, घाबरू नका. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही सिझेरियन, आणि सुटलेलं पोट पुन्हा आत गेलंच नाही. ते आता डॉक्टर शिवून घट्ट करणार आहेत. नाशिकमध्ये आता अशी ऑपरेशनं होतात. बॅग भरून झाली, मुलं झोपाळ्यावर भांडतायत, आणि सकाळपासून मला सारखी तुमची आठवण येतेय.

मनमाडच्या शाळेचं आपलं मैदान रुळांना लागून होतं. मालगाडी जायला लागली की तुमची शिट्टी कुणाला ऐकू यायची नाही, मग तुम्ही नुसता हात वर करून आम्हाला थांबवायचात. मी आठवीत, काडीसारखी. खो-खोत पळायला पटाईत, पण सूर मारायची वेळ आली की पाय थिजायचे. एक दिवस तुम्ही पदर खोचलात आणि साडीवरच मातीत सूर मारून दाखवलात. उठून धूळ झटकत म्हणालात, "पोट आवळून धर, म्हणजे जमीन लागत नाही." तेव्हापासून मला भीती वाटली नाही. पुढं जिल्ह्याच्या सामन्यांआधी माझा पाय मुरगळला आणि संघातून काढाल म्हणून मी तो चार दिवस लपवला. तुम्ही पकडलंतच. सगळ्यांसमोर म्हणालात, "पाय खेळणाऱ्याचाच मुरगळतो. पण मला सांगितलं का नाहीस?" मला संघातून वगळलंत. संध्याकाळी मात्र क्रेप बँडेज घेऊन आमच्या क्वार्टरवर आलात. आई भाकऱ्या थापतेय, मी चुलीशेजारी पाय पसरून रडतेय, आणि तुम्ही पट्टी गुंडाळताय. अजून तो दाब पायाला जाणवतो.

तुमच्यामुळेच मी खेळाची शिक्षिका झाले. नाशिकला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तीन वर्षांनी मुलगा. दुसऱ्या वेळचे टाके भरले, वजनही उतरलं, पण पोट मधोमध दुभंगल्यासारखं राहिलं. मुलींना कवायत शिकवताना वाकले की कंबर धरायची. दोन वर्षांपूर्वी भर उन्हात तास चालू होता. सातवीतली एक मुलगी वर्गातून खुर्ची उचलून मैदानावर घेऊन आली आणि माझ्या पोटाकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही बसा. माझी आई पण अशा दिवसांत उभी राहत नाही." माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. मी बसले. तिचं समाधान झालं, आणि तास संपेपर्यंत मी त्या खुर्चीतून उठले नाही.

त्याच आठवड्यात गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला आडवं झोपवून मान उचलायला सांगितली, तर पोटावर मधोमध उभा फुगवटा आला. दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत, म्हणाले. आधी व्यायाम करा, घाई नको. मी वर्षभर नेमानं केला. कंबर बरीच सुधारली, पोट नाही. परत गेले तेव्हा त्यांनी काहीच गोड करून सांगितलं नाही. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण राहील, जखमेतलं पाणी काढायला नळ्या लावाव्या लागतील, दीड-दोन महिने भरली बादली उचलायची नाही, आणि भूल, रक्त, जंतू यांचा धोका कुठल्याही मोठ्या ऑपरेशनला असतो तेवढा आहेच. मी विचारलं, "नंतर मला सूर मारता येईल का?" ते म्हणाले, "मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. जखम नीट भरू द्या, मग बघू. नाही म्हणत नाही."

घरी सांगायचं धाडस होत नव्हतं. यांना सांगितलं तर म्हणाले, मला तू अशीच आवडतेस, उगाच चिरफाड कशाला. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, पण हे मी माझ्यासाठी करतेय. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले आणि माझ्याहून जास्त प्रश्न विचारून बसले. खरी भीती सासूबाईंची होती. त्या नांदगावकडच्या, शेतात राबलेल्या. स्वयंपाकघरात मेथी निवडताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी जुडी खाली ठेवली, माझा हात धरून स्वतःच्या लुगड्याखाली पोटाशी नेला. तिथं जाड फडकं करकचून बांधलेलं होतं. "तुझा नवरा झाला तवापासून बांधते," म्हणाल्या. "सोडलं की उभं राहवत नाय. मला कुनी इचारलं नाय, मी बी सांगितलं नाय. तू करून घे. मेच्या सुट्टीत कर, पोरांचं मी बघते." पुढच्या आठवड्यात मी त्यांनाही डॉक्टरांकडे नेलं. हर्निया निघाला. माझं झालं की दिवाळीनंतर त्यांचं. आता त्याच माझ्या तारखेची आठवण करून देतात.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एक कबूल करते. तुम्ही शेवटच्या आजारात होता तेव्हा मला निरोप आला होता. मुलगी पाच महिन्यांची होती. तिला ताप आहे, असं मी कळवलं. ताप नव्हता, बाई. मी साडी नेसून तयार झाले होते, एसटीला सुटे पैसेही काढून ठेवले होते. आरशात पोट दिसलं आणि वाटलं, या अवतारात बाईंसमोर कशी जाऊ. साडी सोडून ठेवली. पुढच्या रविवारी जाऊ, म्हटलं. त्या रविवारी तुम्ही नव्हतात.

सोमवारी काय व्हायचं ते चांगलंच होईल, असं आतून वाटतंय. पण आज तुम्ही बोलावलं असतंत, तर ऑपरेशनची वाट न बघता याच पोटानिशी आले असते.