कडेपर्यंतचा फोटो

४ नोव्हेंबर, मंगळवार

आली एकदाची यंत्रं! दोन नवी, आठवडाभर वापरून बघायच्या बोलीवर. माझ्या जुन्या कॅमेऱ्याशेजारी मांडलीत, खोलीत वळायला जागा नाही. डॉ. सोल म्हणाले, "गुमरान, सोळा वर्षं डोळ्याच्या पडद्याचे फोटो तूच काढतेस. कुठलं घ्यायचं ते तूच लिहून दे." क्षणभर फुगले. मग पुढचं आलं — "आधी दवाखान्यातल्या आपल्याच माणसांचे डोळे तिन्हींवर घ्या, म्हणजे तुलना खरी होईल."

आपल्याच माणसांचे. म्हणजे माझेही.

५ नोव्हेंबर

जुना कॅमेरा: थेंब घाला, अर्धा तास थांबा, आणि दिसतो तो पडद्याचा फक्त मधला भाग. दुसरं यंत्र पडद्याचा छेद दाखवतं, थर अन् थर. तिसरं थेंबांशिवाय, एका झटक्यात, पार कडेपर्यंत. रंग मात्र हिरवट, बघवत नाहीत.

कडेपर्यंत! बाबांची नजर कडेपासूनच गेली. दादाचीही — त्याचा फोटो मीच काढला होता, इथेच. आता त्याला नळीतून बघावं तेवढंच दिसतं. मी त्रेचाळीसची. गेल्या महिन्यात दोनदा स्टुलाला अडखळले. त्याच्या फोटोतले ते काळे डाग मी एका नजरेत ओळखते, मला कोणी सांगायलाही नको. म्हणून तर जुन्या कॅमेऱ्यासमोरसुद्धा कधी बसले नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरवलं होतं, आधी हाताखालच्या तिन्ही पोरींना बसवायचं. माझी पाळी येईपर्यंत यंत्रं परत जातील. कसलं काय! सगळ्यांत धाकट्या यू-रिमला म्हटलं, बस. ती दोन पावलं मागे.

"ताई, तुमच्या आधी मी? तुम्ही चमचा उचलल्याशिवाय आम्ही जेवायलासुद्धा लागत नाही!"

"हे काय जेवण आहे का?"

"नाही ना? मग बसा की. चावत नाही ते!"

बाकीच्या दोघीही हसत तशाच उभ्या. मी वयाने मोठी, म्हणून सगळं माझ्यापाशी अडलंय. डोकं दुखतंय म्हणून निघून आले.

८ नोव्हेंबर

प्यो आला होता. लेकीला चष्मा लागलाय. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. "बरी आहेस ना?" — एवढंच बोलला.

अकरा वर्षांपूर्वी त्याला लग्नाला नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, चालेल! मग मूल झालं असतं आणि मी जन्मभर त्याच्या डोळ्यांकडे बघत धास्तावले असते. बरोबरच केलं मी. रात्रीचा भात मात्र तसाच झाकून ठेवला.

९ नोव्हेंबर

रविवार. दिवसभर घरीच. फोनही उचलला नाही.

१० नोव्हेंबर

अहवाल लिहिला — "जुना कॅमेरा पुरेसा आहे. त्याचे रंग खरे असतात." खोटारडी! सकाळीच एक आजोबा डोळ्यांपुढे विजा चमकतात म्हणत आले. डॉक्टरांनी त्यांना तिसऱ्या यंत्रावर बसवलं. पडदा अगदी कडेला फाटलेला! जुन्यात दिसलाच नसता. तातडीने ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. आणि मी लिहितेय, पुरेसा! टराटरा फाडला कागद.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "उद्या यंत्रं न्यायला येतील. तुझ्यासाठी पोरी खोळंबल्यात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राजीनामा देऊ का? पण दादाचा सगळा भार माझ्यावर. जाऊ कुठे?

११ नोव्हेंबर

बसले. यू-रिमने माझी पापणी वर धरून ठेवली. दोन्ही डोळे, मग छेद. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. मीही पाहिलं. एक डाग नाही. पार कडेपर्यंत स्वच्छ!

"दादासारखं असतं तर या वयात दिसलंच असतं. तुला नाहीये ते, गुमरान."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूमची कडी लावून रडले. आनंदाने नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, अकरा वर्षांपूर्वीही.