आबांच्या कपाळावरचं गंध

सोमवार, संध्याकाळ. धुळे.

आज वडिलांना, आबांना, उठवेना. म्हणून पूजेनंतर त्यांच्या कपाळाला ओलं चंदनाचं गंध मीच लावलं. अंगात कसर वाटली म्हणून लगेच त्यावरच ताप मोजायचं यंत्र रोखलं. सत्त्याण्णव!

"माले काय व्हयनं? मी बरा शे," आबा पुटपुटले. मी निर्धास्त होऊन चपला घातल्या.

तेवढ्यात हिने त्यांच्या मानेला हात लावला. "अहो, अंग तव्यासारखं तापलंय!"

गंध पुसून, कपाळ कोरडं करून थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. एकशे चार. ओलं चंदन गार असतं, हे मला ठाऊक नव्हतं का?

आता दवाखान्यात सलाईन चालू आहे. मघाशी आबांनी डोळे उघडले, कपाळ चाचपलं. "मन्हं गंध कोठे शे?"