डाव्या नळीतला चोरकप्पा

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०.
स्टुलावर बसून बाबांची बंदूक पुसत आहे. बाबांना जाऊन वर्ष झालं, आता वाटणी. वाटायला दोनच गोष्टी: कुलूप-किल्ल्यांचं दुकान आणि ही बंदूक. वाटेकरीही दोनच: दादा आणि मी.
बंदूक दुनळी, ठासणीची. म्हणजे दारू आणि छरे तोंडातून गजाने ठासून भरायचे. नळ्या फक्त अठरा इंच. एवढी आखूड बंदूक घोडागाडीवरच्या रखवालदारासाठी खास बनवली असणार.
दादा म्हणाला, "कसला रखवालदार? मीच कापली ती. पेटीत मावत नव्हती. करवतीची दोन ब्लेडं गेली."
चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असा माणूस आमच्या गल्ल्यावर बसतो.
संकल्प: १. रक्ताच्या माणसांवर विश्वास ठेवायचा नाही. २. रोज एक तास बंदुकीचा अभ्यास. ३. चहा दोनच वेळा.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.१५.
मोठा शोध! अक्षर मुद्दाम नीट काढत आहे.
कुलपाची खोली मोजतो तशी नळ्यांची मोजली. तार आत सोडायची, टेकली की तोंडाशी अंगठ्याने खूण धरायची. उजवी नळी पावणेअठरा. डावी पंधरा. तीनदा मोजलं.
बाहेरून सारख्या, आतून पावणेतीन इंचांचा फरक! तिजोरी बाहेरून खोल आणि आतून उथळ असली तर काय समजायचं, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. चोरकप्पा.
आता आठवतं, लहानपणी या बंदुकीला हात लावला म्हणून बाबांनी कानाखाली काढली होती. उगाच कोण मारतं? आत सोनं असावं. निदान हिरे.
(चहा चार वेळा. शोधाच्या दिवशी चालतो.)

७ फेब्रुवारी, शनिवार.
मेणबत्ती तोंडाशी धरून आत पाहिलं. काळं दिसलं. डावी भुवई थोडी जळली.
मागच्या बाजूने लाकडी हातोडीने ठोकलं. चाळीस ठोके. आवाज भरीव. म्हणजे कप्पा गच्च भरला आहे!

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.
दादाला सांगितलं, दुकान पूर्ण तुझं, बंदूक माझी.
दादाचा चहा बशीत सांडला. "डोकं ठिकाणावर आहे का? ते गंजकं लोखंड आहे. अर्धं दुकान घे आणि ती बंदूकही ने, मला नकोच आहे."
दोन्ही देतो म्हणाला! जगात कोणी कोणाला फुकट देतं का? नक्की काहीतरी शिजतंय.
वहिनी म्हणाली, "भावजी, आठ दिवस थांबा हो."
थांबा म्हणजे तेवढ्यात हे दोघं कप्पा उघडणार. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मी डोळे उघडे ठेवून बसलो आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.२०.
वाटणीचा कागद झाला. माझ्या हट्टापायी वकिलाने "भविष्यात कोणताही हक्क सांगणार नाही" हे वाक्य दोनदा घातलं. दादाला आता पळवाट नाही.
सही करण्याआधी दादाने तीनदा विचारलं, "नक्की ना?" किती कसलेला नट!

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
नवं ड्रिल आणलं. बिट घसरला, अंगठ्याला लागलं. चोरकप्प्याचं तोंड कुठे आहे तेच कळत नाही. बाबांचं काम पक्कं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११.
बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. कप्प्याचं लगेच बोललो नाही. आधी रखवालदाराची गोष्ट सांगितली.
त्यांनी चष्मा वर केला. "बाळा, तोंडाशी या दोन नळ्यांमध्ये फट दिसते का? मूळ टोकाला नळ्या एकमेकींना टेकतात. नेम धरायची पितळी माशीही नाही. ती तुकड्याबरोबर गेली. या बघ करवतीच्या दातांच्या खुणा. कुणीतरी पेटीत बसवायला कापलेली दिसते."
शब्द न् शब्द दादाचा! म्हणजे दादा इथे आधीच येऊन गेला.
मग त्यांनी डाव्या नळीत गज सोडला, खूण केली, बाहेर धरून पाहिला. आणि अगदी हळू, झोपलेलं मूल उचलावं तसं, बंदुकीचं तोंड माझ्या पोटासमोरून भिंतीकडे वळवलं.
मी हसून म्हणालो, "चोरकप्पा ना?"
ते म्हणाले, "भरलेली आहे."
"तेच म्हणतो मी. कशाने?"
"दारूने. ठोकाठोक नाही ना केलीस? दिवा-बिवा?"
मी नाही म्हणालो. मग तिथल्या बाकावर बसलो.
त्यांनी पाणी ओतून, आकडा घालून सगळं बाहेर काढलं. चिंधीचा बोळा, छरे, पुन्हा बोळा, काळी दारू. नंतर तार सोडून पाहिली. पावणेअठरा.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.१०.
घरी सांगितलं. दादा खुर्चीत धपकन बसला. म्हणाला, "अरे, मी ती मांडीत धरून कापली होती."
मग तो म्हणाला, "बाबांनी निदान एकदा सांगायचं होतं रे." दादा आणि मी एकाच माणसावर रागावण्याची ही पहिलीच वेळ. बरं वाटलं. याच क्षणी तो कागद फाडेल असं वाटलं, म्हणून मी जरा थांबलो.
दादा म्हणाला, "उद्या नऊला ये. पगाराचं बोलू."
मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "थांबा म्हटलं होतं ना, भावजी." आणि कप उचलून आत गेली.
आजवर खोटं बोलून फसवणारे बरेच पाहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं बोलून फसवणारा दादाच.

खर्च: स्टँप आणि वकील ११००. ड्रिल ८५०. मेणबत्ती १०. अंगठ्याची पट्टी ५.
देणं: मिस्त्रींचे ४००, पहिल्या पगारातून.
जमा: छरे ९४. तीनदा मोजले.