‘डिफाय’ म्हणजे काय

ताई, तुला नमस्कार, पोरांना पापा.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

एक सांगायचंय, पण लाज वाटते. आमच्या लॉन्ड्रीत शेजारच्या मशीनवरच्या बाईने चालू मशीनमध्ये अडकलेली चादर हाताने काढायला नकार दिला. साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. म्हणाले, “हिने डिफाय केलं. साक्षीदार म्हणून सही कर.” अर्थ ठाऊक नव्हता, तरी मी मुकाट्याने सही केली. तिची नोकरी गेली.

मग शब्दकोश पाहिला. डिफाय म्हणजे वरच्याला न जुमानणं. यात तिचं काय चुकलं गं?

आज पुन्हा चादर अडकली. साहेबांनी मला सांगितलं आणि मी हात घातला.

बोटं शाबूत आहेत. आईला सांगू नकोस.

तुझा धाकटा